मोहोरातली पांढरी गाडी

यंदा मोहोर उशिराच आला. थंडी पडते की नाही असं करत करत पौष संपत आला, मग थोड्या बऱ्या गारठ्याच्या रात्री झाल्या, तेव्हा कुठे आमच्या खळ्यातला, म्हणजे अंगणातला, हापूस फुलला. तोही एकाच बाजूने. समुद्राकडची बाजू मोहोराने भरून गेली आणि घराकडची अजून तांबूस पालवी मिरवते आहे. हापूसचे हे नखरे आमच्याकडे कोणाला नवीन नाहीत. लोकांना मोहोर आल्याचं वासावरून कळतं, मला बोटांवरून कळतं. सकाळी कचेरीत जायला निघाले, गाडीच्या दाराला हात लावला आणि बोटं चिकटली, की समजायचं, आला.

हा चिकटा म्हणजे काही मोहोराचा मध नव्हे. मोहोरावर तुडतुडे नावाचे बारीक किडे बसतात, रस पितात आणि त्यांच्या अंगातून गोडसर पाण्याचा शिडकावा सारखा खाली होत राहतो. उन्हाच्या तिरिपेत झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर तो बारीक चमकताना दिसतोसुद्धा. पानांवर तो साचतो, त्यावर काळी काजळी धरते आणि बागायतदार कपाळाला हात लावतो. आमच्याकडे बाग नाही, एकच झाड आहे आणि त्याच्याखाली एक पांढरी गाडी आहे, त्यामुळे कपाळाला हात लावायची पाळी माझी. गाडी दुसरीकडे लावावी म्हणाल, तर एका बाजूला चिऱ्याच्या कुंपणाचा गडगा, दुसऱ्या बाजूला विहीर. खळ्यात सपाट जागा काय ती झाडाखालचीच. झाड माझ्या जन्माच्या आधीचं आहे, त्यामुळे पहिला हक्क त्याचा.

पडवीत खुर्ची टाकून आबा बसले आहेत. आबा म्हणजे माझे वडील. डावा डोळा हाताने झाकून ते गाडीकडे बघतात, मग हात बदलून उजवा झाकतात.

"ह्या डोळ्यानं दूध," ते म्हणतात, "आणि ह्या डोळ्यानं तूप."

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्याला काही वर्षं झाली. तोही असाच मोहोराचा हंगाम होता. डावा डोळा तेवढा राहिला आहे. डॉक्टरीणबाई दर खेपेला सांगतात, आणि ह्या वेळी जरा आवाज चढवूनच त्यांनी सांगितलं, की शिमग्याच्या आत करून टाकू, आणखी लांबवलात तर मोतीबिंदू पिकून घट्ट होईल आणि मग तो डोळा हाती लागेल याची खात्री मी देणार नाही. आबांनी मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाले, झाडाला फवारणी करायचीय, ती झाली की बघू. फवारणी झाली. मग म्हणाले, शिमग्याची पालखी घरी येऊन जाऊ दे. पालखी यायला अजून महिना आहे. मग म्हणाले, एका डोळ्यानं माझं काय अडतं? आणि खरंच काही अडत नाही, हीच पंचाईत आहे. उजव्या डोळ्याने पेपर वाचतात, माशांचे काटे काढतात, माझ्या गाडी धुण्यातल्या चुका काढतात. पहिल्या डोळ्याच्या वेळी ते का टाळत होते ते मला कळलं होतं. ह्या वेळी मात्र कळत नव्हतं.

गाडी पांढरीच घ्यायची हा हट्ट त्यांचा. नवरा मुंबईत नोकरीला, मी इथे आईआबांजवळ, कचेरी गावात. तेव्हा गाडी माझ्या पगाराची आणि माझ्या नावावर. शोरूममध्ये मला एक निळी आवडली होती. आई म्हणाली, तांबडी घे, ह्या मातीत मळकी दिसायची नाही. आई फार व्यवहारी बाई आहे. आबा मात्र शोरूमच्या काचेपाशी उभे राहून म्हणाले, "पांढरी."

"तांबड्या धुळीत पांढरी गाडी?" आई म्हणाली. "लोक हसतील."

"हसूं देत. पांढऱ्यावर गंज लपत नाय."

आबा मालवाहू बोटींवर सुकाणी होते, म्हणजे सुकाणूचं चाक धरणारे. बोटीचा जो मजला माणसांना राहायला असतो तो पांढरा रंगवतात. लहानपणी त्यांनी आणलेल्या फोटोंत ती पांढरी भिंत बघून मला वाटायचं, किती छान दिसावं म्हणून केलंय. आबा सांगायचे, छान दिसण्यासाठी नव्हे, पांढऱ्यावर गंजाचा ठिपका मोहरीएवढा असतानाच दिसतो म्हणून. दिसला की खरवडायचा, लाल रंगाचा हात द्यायचा, वर पांढरा. काळ्या रंगाखाली गंज घर करून बसतो आणि पत्रा गेल्यावर कळतं. रंगाचं काम झाकण्याचं, असं आपण समजतो. त्यांच्या लेखी रंगाचं काम सांगण्याचं होतं. मला हे फार पटलं होतं. पांढरी साडी नेसून लग्नाला गेल्यावर आमटीचा थेंब कोणाच्या अंगावर उडतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाही पटेल.

तर पांढरी गाडी आली. दसऱ्याला आईने बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. आरती संपायचा अवकाश, आबा ओलं फडकं घेऊन हजर.

"अहो, देवाचं हाय ते! संध्याकाळपर्यंत तरी ऱ्हाऊं दे."

"देवाला हात जोडले मी. पन हळद पांढऱ्यावर बसली की देवाच्या बापाला निघायची नाय."

दोघं दिवसभर बोलली नाहीत. पुढच्या दसऱ्यापासून आई काचेवर स्वस्तिक काढते.

आबांनी गाडीला बोट मानली आणि आम्हीही मानू दिली. निवृत्त माणसाला काहीतरी हवं असतं. खाऱ्या वाऱ्यात गाडी फिरून आली की गोड्या पाण्याने धुवायची, वरून खाली, टपापासून चाकापर्यंत, कधी उलट नाही. चाकाचं फडकं दाराला लावायचं नाही. सुरुवातीला त्यांनी सोड्याचं पाणी केलं होतं. बोटीवर पांढऱ्या भिंती तशाच पुसतात, खलाशी त्याला सुजी म्हणतात. गाडी झकास निघाली, पण हाताला कोरडी लागायला लागली, माणसाची कातडी साबणाने ओढते तशी. मग आम्ही फिरोजकडे गेलो.

फिरोजचं दुकान हायवेच्या फाट्यावर. पाटीवर 'कार डिटेलिंग' लिहिलेलं. आईने विचारलं, डिटेलिंग म्हणजे काय, गाडी धुणंच ना? फिरोज हसून म्हणाला, "धुणंच मावशी, पण घाई न करता." त्याने आबांना समजावलं ते मीही ऐकलं. पत्र्यावर अस्तर, अस्तरावर रंग आणि सगळ्यांच्या वर काचेसारखा एक पारदर्शक थर. चकाकी सगळी त्या थराची. सोड्याने तो मरतो. तुडतुड्यांचा चिकटा, पाखरांची शिट, कैरीचा चीक, हे त्याच दिवशी पाण्याने भिजवून, मऊ फडक्याने उचलून घ्यायचं, घासायचं नाही. हायवेच्या कामाची धूळ रंगात रुतून बसते, पांढऱ्यावर तिचे नारिंगी ठिपके दिसतात, ते मातीसारख्या एका मऊ वडीने ओढून काढायचे. आणि पॉलिश वर्षातून एखाद्या वेळी, कारण पॉलिश म्हणजे काही लावणं नव्हे, त्या वरच्या थरातला थोडा काढून टाकणं. बारीक ओरखडे जातात ते भरून निघत नाहीत, भोवतालचा थर त्यांच्या पातळीपर्यंत उतरवला जातो.

हे ऐकून मी चाटच पडले. मला वाटायचं, चकाकी बाटलीतून येते. ती असते तिथेच आणि आपण दर वेळी तिच्यातली थोडी खर्च करत असतो, हे कचेरीत फायली चाळतानाही माझ्या डोक्यात घोळत राहिलं. आबा नुसते "अस्सं" म्हणाले. बोटीवर रंग संपला की वर दुसरा हात द्यायचा, त्यामुळे थर संपतो हे गणित त्यांच्या बोटांत नव्हतं.

मग तो हंगाम आला. त्या वर्षी मोहोर इतका की पानं दिसेनात. सकाळी सकाळी आबांची हाक आली.

"बाय, गाडी पिवळी पडली गो."

मी बाहेर आले. गाडीवर चिकटा होता, त्यावर मोहोराचा चुरा होता. म्हटलं, धुतली की जाईल. धुतली. मला ती पांढरीशुभ्र दिसली. आबा टपाजवळ वाकून म्हणाले, "रंगातच बसलंय. बघ, लोण्यासारखा रंग झालाय." मी म्हटलं, उन्हामुळे वाटतंय. कचेरीची वेळ झाली होती.

त्यानंतर ते रोज घासू लागले. फिरोजने दाराचा एक ओरखडा घालवायला पॉलिशची डबी दिली होती, ती बाहेर निघाली. फडक्यावर घ्यायचं आणि गोल गोल, गोल गोल. जेवायला हाक मारली तरी 'आलो' म्हणून पुन्हा गोल गोल. आई पायरीवर बसून म्हणायची, "लग्न होऊन आले तेवापास्नं माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल." आबा म्हणायचे, "तू पिवळी नाय पडत." खरं म्हणजे तोवर घरातल्या बऱ्याच गोष्टी पिवळ्या पडल्या होत्या. त्यांचा सदरा आई नीट धूत नाही. दूधवाला गाईचं म्हणून काय देतो कोण जाणे. मी बदललेली ट्यूबलाइट मंद आहे. आई चिडायची, मी हसायचे. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं ही म्हण ज्या घरात दिवसाकाठी एकदा तरी कोणी कोणाला सुनावतो, त्या घरात हे चाललं होतं. आणि कोणाच्या मनात का आलं नाही, तर आबांच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायची आमच्या घराला सवयच नव्हती. खाडीच्या तोंडाशी आलेली होडी कोणाची ते सांगणारा माणूस. ते होडीच्या इंजिनाच्या आवाजावरून सांगतात हे मला पुढे कळलं.

गाडी फिरोजकडे नेली तेव्हा त्याने बॉनेटवर हात फिरवला आणि थांबला. एक छोटं यंत्र टेकवून त्याने थराची जाडी बघितली, मग दोन बोटं सरकवून पुन्हा बघितली.

"ताई, इथे आता मशीन लावायची नाही. कोण घासतंय?"

"आबा. पिवळी पडली म्हणतात."

"पिवळं काहीच नाही. गाडी पांढरी आहे. काकांना सांगा, आता हात लावलात तर खालचं अस्तर दिसेल."

मी घरी येऊन सांगितलं. आबा म्हणाले, "फिरोजला काय दिसतं? दिवसभर धुळीत बसलेला असतो." आणि बॉनेटचा तो भाग, जिथे चकाकी जाऊन रंग खडूसारखा झाला होता, तिथे आपणच पांढऱ्याचा एक हात द्यायचा असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बोटीवरच्या माणसाला दुसरं काय सुचणार!

बाजारातल्या रंगाच्या दुकानातून मला कचेरीत फोन आला. "ताई, जरा येता का? आबा आलेत. ऐकत नाहीत." मी गेले. काउंटरवर पांढऱ्या रंगाचे डबे उघडे पडले होते, झाकणं शेजारी उताणी. आबांचा चेहरा लाल.

"ह्याला पांढरा दे म्हटलं तर क्रीम काढून देतो. दुसरा उघड म्हटलं, तोपन क्रीम. आता तिसरा. माझं आयुष्य रंगात गेलं आणि हा मला पांढरा शिकवतो!"

दुकानदार बिचारा माझ्याकडे बघत होता. मी डब्यांत बघितलं. तिन्हींत पांढरा रंग होता. ताज्या नारळाच्या खोबऱ्यासारखा, डोळ्यांत भरणारा. दुकानात उजेड लख्ख होता. पुढच्या गिऱ्हाइकाने डब्यांकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला त्या क्षणी आबांचा हात धरावासा वाटला, पण तसं केलं असतं तर त्यांना ते चाललं नसतं. मी दुकानदाराला एक डबा बांधायला सांगितला आणि आम्ही बाहेर पडलो. आबा माझ्यामागून आले. एरवी बरोबर असलो की गाडीची किल्ली ते मागून घेतात, त्या दिवशी ती त्यांनी माझ्याकडेच राहू दिली.

भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा ओहोटी होती आणि खाडीत होड्या कलंडून पडल्या होत्या. आबा तिकडे बघत नव्हते. मांडीवरच्या डब्यावर हात ठेवून समोर बघत होते.

"तिनी डबे पांढरेच होते ना गो?"

"हो, आबा."

"सारखेच?"

"सारखेच."

पूल संपला. सुरूच्या बनाजवळ मी गाडी बाजूला घेतली, कारण मलाच पुढचं धड दिसेना.

"मग मोहोरानं काय केलेलं नाय," आबा म्हणाले. "अनफिट झालो."

हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे. बोटीवर चढायच्या आधी दर वेळी मुंबईला मेडिकल असायचं आणि त्यात डोळ्यांची परीक्षा. आबा महिनाभर आधी गाजराचा रस प्यायचे, रांगेत उभे राहून तक्त्यावरची अक्षरं पुढच्यांच्या तोंडून ऐकून पाठ करायचे. ती अक्षरं अजूनही ओळीने म्हणून दाखवतात, एखादं स्तोत्र म्हणावं तशी. त्यांच्यासोबत नाटे गावचे इब्राहिमचाचा असायचे, तेही सुकाणी. एका वर्षी चाचांना शेवटच्या ओळी दिसल्या नाहीत. कागदावर अनफिटचा शिक्का बसला आणि ज्या बोटीवर दोघांचं सामान चढायचं होतं तिच्यावर एकट्या आबांचं चढलं. चाचा गावी परत गेले. पुढे आबा त्यांना भेटायला नाट्याला गेले, तर ते दारात जाळं विणत बसलेले, समुद्राकडे पाठ करून. आबा हे सांगताना दर वेळी तिथेच थांबतात. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणचा हट्ट.

मी गाडीत त्यांना म्हटलं, "आता कुठल्या बोटीवर चढायचंय तुम्हाला?"

"चढायचं कशाला? हाय तिथनं उतरवतील ना." आणि त्यांनी माझ्यासमोरच्या स्टिअरिंगकडे बोट केलं.

दर रविवारी ते आईला गाडीत घालून कधी मालगुंडला बहिणीकडे, कधी नुसतंच समुद्राच्या कडेने फिरवून आणायचे. डॉक्टरने तपासलं आणि शिक्का मारला तर तो रविवार जाणार होता. मला एवढं रडू आलं की मी काचेवर पाणी मारून वायपर चालू केला. काच स्वच्छ होती.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई डाळ निवडत राहिली. रविवारी आबा नेहमीसारखे कपडे करून किल्ली फिरवत उभे राहिले. आई पायरीवरून हलली नाही.

"चल."

"मी नाय येत. आंधळ्याच्या शेजारी बसून मला मरायचं नाय. डोळे दाखवा, मग जिकडे न्याल तिकडे येते."

तिच्या जागी मी असते तर शब्द तोलून मापून वापरले असते. आई तशी नाही. आबांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दवाखान्यात आले. तिथला तक्ता बघून त्यांनी आपली जुनी अक्षरं धडाधड म्हणून टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हा तक्ता आकड्यांचा आहे."

उजवा डोळा आधी केला. पट्टी काढून घरी आणलं ती दुपारची वेळ होती, झाडावर मोहोर गच्च, मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत. रिक्षातून उतरून आबा खळ्यात उभे राहिले. काळा चष्मा त्यांनी, लावायला सांगितला असूनही, वर सरकवला.

"पांढरी हाय गो," ते म्हणाले. "अगदी बोटीसारखी पांढरी हाय."

ते गाडीभोवती फिरले. टपावरून, दारांवरून नजर फिरवत आले आणि बॉनेटपाशी थांबले. खडूसारखा झालेला तो भाग त्यांनी बोटाने चाचपला. इतके दिवस तो त्यांना नीट दिसलाच नव्हता, फक्त हाताला लागला होता. "स्वच्छच होती तर," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, फिरोज करेल काहीतरी.

तोवर आई दारात आली होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. आबांनी मान वळवली आणि बघतच राहिले.

"तुझं डोकं कधी गो एवढं पांढरं झालं?"

"तुमी गाडी घासत होता तेवा," आई म्हणाली आणि त्यांच्यावरून तुकडा ओवाळून टाकला.

आम्ही सगळे हसलो. रिक्षावालाही हसला. आबांनी काळा चष्मा पुन्हा खाली ओढला, त्यामुळे त्यांचे डोळे हसले की नाही ते मला दिसलं नाही.

बॉनेटवरचा तो डाग अजून आहे. फिरोजने त्यावर कसलंसं कोटिंग चढवून थर जपला, पण उन्हात बघितलं तर बाकीची गाडी चमकते आणि तेवढा भाग नाही. नवा रंग मारून घ्या, असं पुष्कळजण सांगतात. मी हो म्हणते आणि मारत नाही. ज्या माणसाने पांढरा रंग काही लपवत नाही म्हणून निवडला, त्याच्या हातचं तेवढं दिसलं तर बिघडलं काय? रविवारही परत आले. आबा सावकाश चालवतात, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना आई खिडकीतून हात बाहेर काढून पुढे जायची खूण करते.

आणि आता डावा डोळा.

गेल्या रविवारी मी गाडी धूत होते. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं, फडकं आधी साध्या पाण्यात झटकायचं आणि मग साबणात, फिरोजची शिकवण. चिकटा भिजवून ठेवला होता. मधमाश्या डोक्यावर, आबा पडवीत, आई पायरीवर सूप घेऊन कुळीथ पाखडत बसलेली. आबा डोळे आलटून पालटून झाकत होते. दूध, तूप, दूध, तूप. सहज माझ्या लक्षात आलं की ते गाडीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पायरीवर होती. आणि उजवा डोळा झाकला की हात जरा जास्त वेळ तिथेच राहत होता.

मी फडकं बादलीत टाकलं आणि त्यांच्याजवळ गेले.

"आबा, खरं सांगा. घाबरताय का?"

"घाबरायला काय झालं? एकदा केलाय की."

"मग?"

त्यांनी एकदा पायरीकडे बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "ह्या डोळ्यानं बघितलं ना, की तुझी आई तशीच दिसते गो. मी बोटीवरनं यायचो, ती फाटकात उभी असायची, तेव्हासारखी. केस काळे म्हणत नाय मी. पन पांढरे दिसत नायत. सुरकुती दिसत नाय. ऊन पडल्यासारखी दिसते. तो डोळा साफ केला की ही जाईल."

माझ्या हातातून साबणाचं पाणी पडवीच्या जमिनीवर ठिबकत होतं आणि एरवी त्यावरून ते मला बोलले असते.

सूप थांबलं होतं. आमची पडवी ती केवढी, आवाज कितीही खाली केला तरी पायरीवर ऐकू जातं. आईने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. मला वाटलं, आता ही काहीतरी फटकळ बोलणार. तिने मान वर केली नाही.

"अर्धं आयुष्य तुमी बोटीवर होता," ती म्हणाली. "मी म्हातारी होताना तुमी बघितलीत कुठं? दर खेपेला आलात, दोन महिने राहिलात, गेलात. मी एकटीच म्हातारी झाले ह्या घरात." मग तिने आबांकडे बघितलं. "करून घ्या तो डोळा. आता हाय तशी, दोनी डोळ्यांनी बघा मला."

झाडावरून बारीक शिडकावा होत होता, मी धुतलेल्या बॉनेटवर पुन्हा. आबांचा हात उजव्या डोळ्यावर तसाच होता. त्या हाताआडून, डाव्या डोळ्याने, ते आईकडे बराच वेळ बघत राहिले. मग हात खाली घेतला.

"बाय," ते म्हणाले, "लाव डॉक्टरीणबाईंना फोन."

मी ओले हात पुसत फोन आणायला आत गेले.